खाडीतल्या चिंबोरीपासून एफएसटीपर्यंत: प्राण्यांचा जेनेटिक डेटा पहिल्यांदा हाताळणाऱ्यांसाठी

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत एमएस्सी झूऑलॉजीची दोनतीन मुलं माझ्याकडे ऐरोलीला घरी येतात, हातात लॅपटॉप, त्यात लॅबकडून आलेली एक्सेल फाईल, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, स्ट्रक्चर कसं चालवायचं तेवढं दाखवा ना." स्ट्रक्चर म्हणजे जीवांचे जनुकीय गट पाडणारं सॉफ्टवेअर. मी दाखवते, पण सगळ्यात शेवटी. आधी दोन रविवार आम्ही नुसती ती फाईल बघतो. कारण ही सगळी सॉफ्टवेअरं एका बाबतीत सारखी आहेत, तुम्ही काहीही घाला, उत्तर येतंच. फाईल चुकलेली असली तरी रंगीत आलेख येतो, आणि तो बघून कुणालाही वाटेल की छान रिझल्ट आला.

तर हा लेख त्या दोन रविवारांचा आणि नंतरच्या दोनतीन रविवारांचा आहे. उदाहरण म्हणून चिंबोरी घेते, म्हणजे आपला खाडीतला मोठा चिखलातला खेकडा, कारण माझं स्वतःचं पहिलं काम त्याच्यावर होतं. पण तुम्ही म्हशींवर करत असा नाहीतर येऊरच्या बेडकांवर, पायऱ्या त्याच. मी मायक्रोसॅटेलाइट डेटा (डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या लांबीचा) धरून लिहिते आहे, कारण कॉलेजच्या बजेटमध्ये अजूनही तोच बसतो. एसएनपीवाल्यांसाठी (डीएनएतल्या एकेका अक्षराचे फरक बघणाऱ्यांसाठी) शेवटी थोडं आहे.

प्रश्न एका वाक्यात लिहा

लॅपटॉप उघडायच्या आधी वहीत एक वाक्य लिहा. "ऐरोलीच्या दिवा गावच्या चिंबोऱ्या आणि उरणच्या करंजाच्या चिंबोऱ्या आपसात मिसळतात का?" हा प्रश्न झाला. "चिंबोऱ्यांच्या जनुकीय वैविध्याचा अभ्यास" हा नुसता मथळा आहे, त्यातून कुठलं सॉफ्टवेअर लागेल ते कळत नाही.

प्रश्न लिहिला की सॉफ्टवेअर जवळजवळ आपोआप ठरतं. वैविध्य किती आहे एवढंच बघायचं असेल तर जेनअलेक्स किंवा आर मधलं हायरएफस्टॅट पुरतं, दोन जागांमध्ये फरक आहे का हे बघायचं तर तेच किंवा आर्लेक्विन, एकूण गट किती पडतात हे आधी माहीत नसेल तर स्ट्रक्चर आणि डीएपीसी, कुणाचे आईबाप कोण हे शोधायचं तर सर्व्हस किंवा कॉलनी, आणि प्रजननात प्रत्यक्षात किती जीव भाग घेतायत याचा अंदाज हवा असेल तर एनईएस्टिमेटर. सगळी एकदम शिकायला जाऊ नका, पहिल्या प्रोजेक्टला दोन नीट आली तरी पुष्कळ.

सॅम्पल कुठून आणता हेही प्रश्नाचाच भाग. वाशीच्या बाजारात मावशी सांगतात "ताजी आहे बाय, आत्ताच आलीय," आणि ताजी असतेही, पण ती दिवाळे गावची की रायगडातल्या कुठल्या खाडीतली की त्याच्याही पलीकडची ते मावशींनाही माहीत नसतं. जागेवर जाऊन, जाळं काढताना, कोळी दादांच्या हातातूनच घ्या आणि तिथेच उभं राहून वहीत तारीख-जागा लिहा. पायाचा छोटा तुकडा ९५ टक्के किंवा त्याहून स्ट्राँग इथेनॉलमध्ये टाकला की काम झालं, बाकीची चिंबोरी त्यांना परत द्या. एका जागेचे २५ ते ३० जीव मिळाले तर मायक्रोसॅटेलाइटसाठी ठीक असतं, ८-१० वर वैविध्याचे आकडे फार हलतात.

आणि संरक्षित प्राणी असेल तर आधी परवानगी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्याची नुसती विष्ठा उचलायची असेल तरी वन विभागाचं पत्र लागतं, येऊरच्या गेटवर "आम्ही स्टुडंट आहोत" म्हणून चालत नाही आणि चालूही नये.

इन्स्टॉल काय करायचं

जेनअलेक्स हे एक्सेलमध्ये बसणारं अ‍ॅड-इन आहे, पीकॉल आणि स्माउस यांचं, फुकट आहे, २०१२ ची ६.५ आवृत्ती शोधा. एक्सेल येत असेल तर याने सुरुवात करणं सगळ्यात सोपं, मॅक्रो चालू करायची परवानगी तेवढी द्यावी लागते. दुसरं, आर आणि त्यावर आरस्टुडिओ. आर मध्ये चार पॅकेज घ्या: अ‍ॅडजेनेट, हायरएफस्टॅट, पेगास, पॉपर. तिसरं स्ट्रक्चर, जावाच्या खिडकीसकट येतं ते डाउनलोड करा. ४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हे सगळं चालतं, स्ट्रक्चर रात्रभर चालेल एवढंच, त्यासाठी लॅपटॉपची स्लीप सेटिंग बंद करून ठेवा. ठाण्यात पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा पहाटे ४ ला अर्धवट राहिलेला रन बघून फार वाईट वाटतं, म्हणून एकाच मोठ्या जॉबऐवजी छोटे छोटे जॉब लावा.

आरची भीती बऱ्याच जणांना असते. मला विचाराल तर जेनअलेक्सवर महिनाभर हात बसवा आणि मग आर वर या, पण याच. कारण आर मध्ये तुम्ही काय केलं त्याची फाईल राहते, सहा महिन्यांनी गाईडनी विचारलं "हा आकडा कुठून आला" तर तीच फाईल परत चालवून दाखवता येते. एक्सेलमध्ये माऊसने कुठे कुठे क्लिक केलं ते कुणालाच आठवत नाही.

आधी मांजरांवर सराव

स्वतःचा डेटा लगेच घालू नका. अ‍ॅडजेनेट सोबत नॅन्सीकॅट्स नावाचा डेटा येतो, फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या मांजरांचा, २३७ मांजरं, १७ वसाहती, ९ मायक्रोसॅटेलाइट लोकस (डीएनएवरची ठरलेली ठिकाणं). गुरांवर काम असेल तर त्याच पॅकेजमध्ये मायक्रोबोव्ह आहे, ७०४ जनावरं, १५ जाती, ३० लोकस. हे डेटासेट हजारो लोकांनी चालवलेले आहेत, त्यामुळे तुमचं उत्तर चुकलं तर चूक तुमच्या कमांडमध्येच आहे हे नक्की कळतं. स्वतःच्या डेटावर चूक कमांडची की फाईलची की चिंबोरीची हे कळायला मार्ग नसतो.

पहिल्या रविवारी मी एवढंच करायला लावते. डेटा लोड करा, समरी बघा, आणि हायरएफस्टॅटने एफएसटी (वसाहतींमध्ये किती फरक आहे त्याचं माप) काढा. वायर आणि कॉकरहॅम यांच्या १९८४ च्या पद्धतीने ते ०.०८५ च्या जवळपास यायला हवं. आलं तर तुमचं इन्स्टॉलेशन ठीक आहे.

मग पेगासची हार्डी-वाइनबर्ग टेस्ट (सगळे मोकळेपणाने मिसळत असतील तर अपेक्षित असलेली प्रमाणं दिसतात का ते बघणारी) सगळ्या २३७ मांजरांवर एकदम लावा. सगळेच्या सगळे लोकस नापास दिसतात आणि मुलं घाबरतात, की डेटा खराब आहे. डेटा खराब नाहीये, आपण १७ वेगवेगळ्या वसाहती एका ढिगात टाकून टेस्ट लावली. आता सेपपॉप या फंक्शनने वसाहती वेगळ्या करा आणि एकेकीवर टेस्ट लावा, चित्र बरंच बदलतं. हा जो फरक दिसतो त्याला वॉलंड इफेक्ट म्हणतात, आणि तो या मांजरांवर एकदा डोळ्यांनी बघितला की आयुष्यभर लक्षात राहतो.

कागदावरही करून बघा. एका लोकसला दोन अलील (म्हणजे त्या लोकसची दोन रूपं), ०.६ आणि ०.४ फ्रिक्वेन्सीने. सगळं मोकळेपणाने मिसळत असेल तर हेटरोझायगोट (दोन वेगळे अलील असलेले जीव) किती अपेक्षित? २ × ०.६ × ०.४ म्हणजे ०.४८. प्रत्यक्षात मोजले तर समजा ०.३० निघाले. मग एफआयएस (हेटरोझायगोट किती कमी पडले त्याचं माप) = १ − ०.३०/०.४८ = ०.३७५. म्हणजे अपेक्षेपेक्षा हेटरोझायगोट बरेच कमी. का कमी? चार कारणं असू शकतात: नात्यात प्रजनन, ढिगात दोन समूह मिसळलेत, एखादा अलील पीसीआरमध्ये उठतच नाहीये, किंवा वाचताना चूक झालीय. सॉफ्टवेअर फक्त ०.३७५ सांगतं, या चारातलं कुठलं ते सांगत नाही, ते तुम्हाला शोधायचंय.

चिंबोरीत एक पाचवं कारण निघतं, खरं म्हणजे दुसऱ्याचंच मोठं रूप. १९९८ पर्यंत चिखलातल्या खेकड्यांच्या नावांचा गोंधळ होता, त्या वर्षी कीनन आणि सहकाऱ्यांनी स्किला या वंशाच्या चार जाती नीट वेगळ्या केल्या. आपल्याकडे स्किला सेराटा आणि स्किला ऑलिव्हेशिया दोन्ही सापडतात, लहान वयात पटकन ओळखू येत नाहीत. दोन जाती एका पिशवीत आल्या तर हेटरोझायगोट धडाधड कमी दिसणार, आणि स्ट्रक्चर दोन सुरेख गट दाखवणार, आणि तुम्ही लिहिणार की खाडीत दोन समूह आहेत. म्हणून प्रत्येक सॅम्पलचा पाठीवरून आणि नांग्यांचा फोटो काढून ठेवा, शंका असेल तिथे मायटोकॉन्ड्रियाचा एक तुकडा सिक्वेन्स करून जात पक्की करा.

आता तुमची फाईल

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. जेनअलेक्सची मांडणी अशी: पहिल्या ओळीत आधी लोकस किती, मग सॅम्पल किती, मग पॉप्युलेशन किती, आणि पुढे प्रत्येक पॉप्युलेशनचा आकडा. दुसऱ्या ओळीत शीर्षक आणि पॉप्युलेशनची नावं, तिसरीत कॉलमची नावं, चौथ्या ओळीपासून डेटा. पहिला कॉलम सॅम्पल नंबर, दुसरा पॉप्युलेशन, मग प्रत्येक लोकसला दोन-दोन कॉलम. एका पॉप्युलेशनचे सगळे सॅम्पल एकाखाली एक सलग हवेत, मध्ये दुसरं घुसलं तर तो मोजताना गडबड करतो आणि नेहमी सांगतोच असं नाही.

न मिळालेल्या डेटाचं कोडिंग सगळीकडे वेगळं आहे, यात प्रत्येकजण एकदा तरी अडकतो. जेनअलेक्समध्ये ०, स्ट्रक्चरमध्ये सहसा −९, जेनपॉपमध्ये शून्यांची माळ, आर मध्ये एनए. जेनअलेक्सची फाईल तशीच स्ट्रक्चरमध्ये टाकली आणि रिकाम्याचा कोड बदलला नाही तर शून्य हा एक अलील धरला जातो, आणि ज्या जागेचे डीएनए खराब निघालेत त्या जागेचा स्वतंत्र गट तयार होतो. अडीच अक्षरांची चूक, पण सगळा प्रबंध फिरतो.

जेनपॉप फाईल बनवताना सॅम्पलच्या नावानंतर स्वल्पविराम विसरू नका, प्रत्येक पॉप्युलेशनच्या आधी पॉप असा शब्द वेगळ्या ओळीवर हवा, आणि अ‍ॅडजेनेटला ती फाईल वाचायला द्यायची तर एक्स्टेन्शन जेन असंच पाहिजे, टेक्स्ट असेल तर तो नकार देतो. अलील तीन आकडी असतील तर तसं त्याला सांगावं लागतं. आणि पॉप्युलेशनचं नाव म्हणून तो शेवटच्या सॅम्पलचं नाव उचलतो, त्यामुळे आलेखावर दिवा गावाऐवजी डीव्ही३० दिसलं तर घाबरू नका, नावं नंतर बदलता येतात.

एक्सेलबद्दल अजून एक. सॅम्पलला मार्च महिन्यातला पहिला म्हणून इंग्रजीत एमएआर१ असं नाव दिलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या, मग टाइप करा.

माझ्या चिंबोरीचं काय झालं

हे मी प्रत्येक बॅचला सांगते म्हणून इथेही सांगते. माझे दिवा गावचे ३० सॅम्पल पावसाळ्याआधी जमले, ते मी लगेच जीनोटायपिंगला पाठवले. करंजाचे ३० दिवाळीनंतर गेले. दोन्ही फाईल आल्या, एकाखाली एक चिकटवल्या, स्ट्रक्चर चालवलं आणि के, म्हणजे गटांची संख्या, २ ठेवली तेव्हा दोन स्वच्छ रंग, दिवा एक, करंजा दुसरा, मधे एकही भेसळ नाही. एफएसटीही भरपूर, पी व्हॅल्यू ०.००१. मी महिनाभर त्याच आनंदात होते, अर्धा चॅप्टर लिहूनही झाला.

मग करंजाला राहिलेले फोटो काढायला गेले तेव्हा एका म्हाताऱ्या कोळी बाबांना सहज बोलले, की बाबा तुमची चिंबोरी आणि आमच्या ऐरोलीची वेगळी निघाली. ते म्हणाले, "कशी वेगळी असल? अंड्यावरची मादी खाडीत कुठं राहते, ती बाहेर दर्यात जाते. पिल्लं सगळी दर्याचीच." आणि हे पुस्तकातही आहे, मला माहीत होतं, मादी अंडी सोडायला खोल पाण्यात जाते, अळ्या साधारण तीन आठवडे समुद्रात तरंगतात, मग खाडीत येतात. एकाच बंदराच्या तोंडाशी जोडलेल्या दोन जागांमध्ये एवढी भिंत उभी राहायला कारणच नव्हतं. बोटीत बसल्या बसल्या ते मला पटलं आणि पोटात गोळा आला.

घरी येऊन मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, प्रत्येक लोकसचा अलीलचा तक्ता काढला, दोन्ही जागांचा शेजारी शेजारी. एका लोकसला दिव्याच्या बाजूला १८२, १८६, १९०, १९४. करंजाच्या बाजूला १८३, १८७, १९१, १९५. चार बेसची रिपीट, सगळी मालिका एक बेसने सरकलेली. दुसऱ्या बॅचला मशीनचं साइझ स्टँडर्ड, म्हणजे तुकड्यांची लांबी मोजायची पट्टी, बदललं होतं. असे आणखी दोन लोकस निघाले. दोन्हीकडचे सहा-सहा सॅम्पल एकाच प्लेटवर परत रन करून घेतले, सरकलेला आकडा दुरुस्त केला, आणि भिंत गायब झाली. एफएसटी शून्याच्या आसपास.

यातून तीन गोष्टी मी आता सक्तीने करायला लावते. एक, सॅम्पल पाठवताना जागा मिसळून प्लेटवर लावा, एका प्लेटवर एक जागा असं कधीच नाही. दोन, प्रत्येक बॅचमध्ये आधीच्या बॅचचे ८-१० सॅम्पल परत टाका, पैसे जातात पण टाका. तीन, कुठलंही सॉफ्टवेअर चालवायच्या आधी अलीलचा तक्ता छापून भिंतीला लावा आणि डोळ्यांनी बघा. विषम-सम आकड्यांची भेसळ, एकाच जागेत फक्त दिसणारे अलील, भलताच मोठा आकडा, हे सगळं माणसाच्या डोळ्याला पटकन दिसतं.

तपासण्या

पॉपरमध्ये इन्फोटेबल नावाचं फंक्शन आहे, कुठल्या जागेच्या कुठल्या लोकसला किती डेटा रिकामा ते चौकटीत रंगवून दाखवतं. एखादा लोकस एकाच जागेत भरपूर रिकामा असेल तर प्रायमर तिथे बसत नाहीये, म्हणजे नल अलील असण्याची शक्यता. मायक्रोचेकर नावाचं २००४ चं छोटं सॉफ्टवेअर नल अलील आणि स्टटरची (पीसीआरमुळे उठणाऱ्या खोट्या पीकची) शंका दाखवतं, विंडोजवर चालतं.

डुप्लिकेट शोधा. चिंबोरीत सहसा नसतात, पण बिबट्याच्या विष्ठेवर काम करणाऱ्यांसाठी हीच पहिली पायरी, कारण एकच बिबट्या दहा ठिकाणी सॅम्पल देऊन जातो. जेनअलेक्समध्ये मल्टिलोकस मॅच आणि प्रॉबॅबिलिटी ऑफ आयडेंटिटी (दोन वेगळ्या जीवांचे जीनोटाइप योगायोगाने सारखे निघण्याची शक्यता) दोन्ही आहेत, भावंडांसाठीचा आकडाही बघा, नुसता साधा बघितला तर तुमचे लोकस आहेत त्यापेक्षा ताकदवान वाटतात. विष्ठेतला डीएनए तुटका असतो, त्यामुळे दोनातला एक अलील गळतो, म्हणून प्रत्येक सॅम्पल तीनचार वेळा स्वतंत्र पीसीआर करून मगच जीनोटाइप पक्का धरायचा.

हार्डी-वाइनबर्ग प्रत्येक जागेला प्रत्येक लोकसला. इथे गणित लक्षात ठेवा, मांजरांच्या डेटात ९ लोकस आणि १७ वसाहती म्हणजे १५३ टेस्ट, ०.०५ ची मर्यादा ठेवली तर काहीही गडबड नसताना साडेसात-आठ टेस्ट नशिबाने नापास होणारच. बोन्फेरोनी (खूप टेस्ट लावल्या की करायची दुरुस्ती) लावलं तर मर्यादा ०.०५ भागिले १५३, म्हणजे ०.०००३३ च्या जवळ, हे फार कडक होतं, मी बेन्यामिनी-हॉकबर्ग वापरायला सांगते. पण आकड्यापेक्षा पॅटर्न बघा. एकच लोकस सगळ्या जागांत नापास होतोय तर लोकसचा दोष, काढून टाका. एकच जागा सगळ्या लोकसला नापास होतेय तर त्या जागेच्या पिशवीत काहीतरी मिसळलंय.

लिंकेज डिसइक्विलिब्रियम (दोन लोकस एकमेकांशी बांधलेले आहेत का) जेनपॉपमध्ये जोडीजोडीने, ९ लोकसला ३६ जोड्या. एखादी जोडी बहुतेक जागांत जुळलेली दिसली तर दोनातला एक ठेवा.

वैविध्य आणि फरक

ऑब्झर्व्हड आणि एक्सपेक्टेड हेटरोझायगॉसिटी हायरएफस्टॅटचं बेसिकस्टॅट्स देतं, तक्ता करा, संपलं. अलीलची नुसती संख्या मात्र जागांमध्ये तशीच तुलना करू नका, जिथे जास्त सॅम्पल तिथे जास्त अलील सापडणारच. त्यासाठी अ‍ॅलेलिक रिचनेस, सगळ्यात छोट्या सॅम्पलच्या आकड्यावर आणून मोजलेली.

एफएसटी म्हणजे सोप्या भाषेत, एकूण वैविध्यातलं किती जागांमधल्या फरकामुळे आहे. सीवॉल राइट यांची ही कल्पना, पण मोजायचे मार्ग आता अनेक आहेत, म्हणून तुम्ही कुठला वापरला ते लिहा. उत्तर ऋण आलं, −०.००३ वगैरे, तर ती चूक नाही, शून्य समजा. जेनअलेक्समध्ये ९९९ वेळा पत्ते पिसले तर पी ०.००१ च्या खाली जाऊच शकत नाही, "फार सिग्निफिकंट आला" म्हणून खूश व्हायच्या आधी हे आठवा.

आणि मायक्रोसॅटेलाइटवाल्यांनी एक गोष्ट नक्की समजून घ्या. जागेच्या आतलं वैविध्यच ०.९ असेल तर एफएसटी साधारण ०.१ च्या वर जाऊच शकत नाही, दोन जागांमध्ये एकही अलील सामायिक नसला तरी. म्हणून ०.०६ म्हणजे "कमी फरक" असं पाठ केलेलं वाक्य लिहू नका, सोबत हेड्रिक यांचं सुधारित जीएसटी (जी-प्राइम-एसटी) किंवा २००८ चं जोस्ट यांचं डी द्या. जेनअलेक्स ६.५ मध्ये दोन्ही आहेत.

अमोव्हा (वैविध्य जागांच्या आत किती आणि जागांमध्ये किती ते वाटून दाखवणारी पद्धत) जेनअलेक्सच्या त्याच मेनूत आहे. तक्त्यात ९५ टक्के वैविध्य जागांच्या आत आणि ५ टक्के जागांमध्ये असं आलं की मुलांना वाटतं काही मिळालं नाही, पण समुद्रात अळ्या सोडणाऱ्या प्राण्यांना जागांमधला वाटा कमीच असतो.

अंतराशी संबंध बघायचा तर मँटेल टेस्ट, आणि इथे अंतर पाण्यातून मोजा. नकाशावर दिवा ते करंजा सरळ रेघ मारली तर ती मधे जमिनीवरूनही जाते, चिंबोरी तशी जात नाही, खाडीतून आणि बंदरातून वळसा घालून रेघ मारा. बेडकांना मात्र उलट, त्यांना घोडबंदर रोड हीच भिंत असू शकते.

आता स्ट्रक्चर

प्रिचर्ड, स्टीफन्स आणि डॉनेली यांनी २००० साली काढलेली पद्धत. कल्पना अशी की तुम्ही सांगा गट के आहेत, तो जीवांना अशा गटांत वाटतो की प्रत्येक गटात हार्डी-वाइनबर्ग शक्य तितकं जुळेल. म्हणजे वर केलेल्या तपासण्या नुसत्या औपचारिक नाहीत, नल अलीलवाला लोकस तसाच ठेवला तर तो इथे येऊन त्रास देतो.

सेटिंग: अ‍ॅडमिक्स्चर मॉडेल, अलील फ्रिक्वेन्सी कोरिलेटेड. आधी १०,००० बर्न-इन (सुरुवातीच्या, फेकून द्यायच्या फेऱ्या) आणि १०,००० रेप्सचा (मोजायच्या फेऱ्यांचा) छोटा रन करून सगळं वाचलं जातंय का बघा, मग खरा रन, मी १ लाख बर्न-इन आणि त्यानंतर ५ लाख ठेवते. अल्फाचा (गटांची मिसळ किती आहे त्या आकड्याचा) आलेख बर्न-इन संपायच्या आत सपाट झाला पाहिजे, वरखाली होत असेल तर वाढवा. के १ पासून सुरू करा, २ पासून नाही, आणि जागांच्या संख्येपेक्षा दोनतीन जास्तपर्यंत न्या, प्रत्येक के ला किमान १० रन. फरक हलका असेल तर लोकप्रायर वापरून बघा, तो सॅम्पलच्या जागेची माहिती मदतीला घेतो, पण वापरला तर लिहा.

के निवडताना सगळे डेल्टा-के काढतात, इव्हानो आणि सहकाऱ्यांची २००५ ची पद्धत. पद्धत चांगली आहे पण तिच्यात एक गोष्ट बसतच नाही, के = १ ला डेल्टा-के काढताच येत नाही, कारण त्याला आधीच्या के ची तुलना लागते. म्हणजे खरं उत्तर "एकच समूह" असेल तर डेल्टा-के ते कधीच सांगणार नाही, आणि बरेचदा २ वर बोट ठेवेल. माझ्या दुरुस्त केलेल्या डेटावरही डेल्टा-के ने २ च सांगितलं. म्हणून लाइकलीहूडचा साधा आलेख बघा, के १ लाच वर आहे का, आणि बार प्लॉट बघा, सगळ्या काड्या अर्ध्या हिरव्या अर्ध्या लाल असतील तर गट नाहीत.

अजून दोन ठिकाणी फसवणूक होते. एका डबक्यातून ३० टॅडपोल उचलले तर ती एकाच मादीची पिल्लं असू शकतात, स्ट्रक्चर कुटुंबाचा गट करून देतं. आणि एका जागेचे ६० सॅम्पल, दुसरीचे ८ असं असेल तर छोट्या जागेला स्वतःचा रंग मिळत नाही. मोठी जागा कमी करून परत चालवून बघा.

डीएपीसी सोबत करा, अ‍ॅडजेनेटमध्येच आहे, मिनिटात होतं, आणि ते हार्डी-वाइनबर्ग गृहीत धरत नाही. त्यात फक्त एक विचारणा महत्त्वाची, किती पीसी (प्रिन्सिपल कॉम्पोनंट, म्हणजे डेटाचा सारांश देणारे अक्ष) ठेवायचे. जास्त ठेवले की काहीही वेगळं दिसायला लागतं. क्रॉस-व्हॅलिडेशनचं फंक्शन वापरा, आणि एक प्रयोग जरूर करा: जागांची नावं पत्त्यांसारखी पिसून सॅम्पलना वाटा आणि परत डीएपीसी चालवा. तरीही छान वेगळे ढग दिसले तर तुमचे आधीचे ढगही धरू नका.

एसएनपी असतील तर

व्हीसीएफ फाईल आली की व्हीसीएफटूल्सने गाळा, प्लिंकने जुळलेले मार्कर कमी करा, मग स्ट्रक्चरसारखंच गट पाडणारं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिक्स्चर. प्लिंक मुळात माणसांसाठी केलेलं आहे, त्यामुळे म्हशीचे किंवा खेकड्याचे क्रोमोसोम दिले की एरर देतो, जास्तीचे क्रोमोसोम चालतील असा पर्याय चालू करावा लागतो. अ‍ॅडमिक्स्चरला क्रोमोसोमची नावं आकड्यात हवीत आणि ते लिनक्स किंवा मॅकवर चालतं, विंडोजवाल्यांनी विंडोजमधलं लिनक्स चालू करून घ्या. भावंडं, बॅच आणि कमीजास्त सॅम्पल यांचे प्रश्न इथेही तेच, फक्त मार्कर हजारो असल्यामुळे प्लेटचा फरक अजून ठळक उठतो, म्हणून पीसीए काढला की आधी जागेप्रमाणे रंगवा आणि मग प्लेटप्रमाणे रंगवून परत बघा.

लिहिताना

प्रत्येक सॉफ्टवेअरची आवृत्ती, बर्न-इन, रेप्स, रन किती, किती पर्म्युटेशन, सुरुवातीचा रँडम आकडा, काढून टाकलेले लोकस आणि का काढले, हे सगळं लिहा. लॅबकडून नुसती एक्सेल घेऊ नका, मशीनच्या मूळ पीकच्या फाईलही मागून घ्या, त्या पहिल्याच दिवशी मागितल्या तर मिळतात, दोन वर्षांनी मागितल्या तर बहुतेक पुसलेल्या असतात. माझ्या त्या सरकलेल्या तीन लोकसचा उलगडा झाला तो त्या फाईल घरच्या हार्डडिस्कवर होत्या म्हणून.